वेंगन ते किट्झब्यूल: शर्यत नसलेला सोमवार

जानेवारीच्या मध्यावर स्वित्झर्लंडमधल्या वेंगनला स्कीइंगची लाउबरहॉर्न शर्यत होते आणि बहुतेक वर्षी पुढच्याच आठवड्यात ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलला हानेनकामची. पहिली 1930 पासूनची, दुसरी 1931 पासूनची. टीव्हीवर दोन्ही बघणारे इथे काहीजण असतील. आज मी बोलणार आहे ते मधल्या प्रवासाबद्दल. काही संघ रविवारीच हलतात, पण सोयीसाठी आपण सोमवार धरू. त्या दिवशी शर्यत नसते, तरी पुढची शर्यत बरीचशी त्याच दिवशी ठरते, असं माझं मत आहे.

नकाशावर सरळ रेघ मारली तर दोन गावांत साडेतीनशे किलोमीटर. रस्त्याने साडेचारशेच्या वर. आडवे आल्प्स आहेत, दुसरं काय! पण खरी कटकट रस्त्याला लागण्याआधीची. वेंगनला मोटारी जातच नाहीत. गाव 1,274 मीटरवर आणि खालचं लाउटरब्रुनेन सुमारे 800 मीटरवर. मध्ये 1893 पासून धावणारी दातेरी रुळांची छोटी आगगाडी. याच गाडीने खेळाडू शर्यतीच्या सकाळी वर जातात, आणि शर्यतीची वाट एके ठिकाणी तिच्याच रुळांखालून जाते. जाताना सगळं बिऱ्हाडही हिच्यातूनच उतरवायचं: स्की, बूट, मेणाच्या पेट्या, इस्त्र्या, कडा घासायच्या कानशी, घडीची टेबलं, फिजिओचं सामान. त्यात शर्यत बघायला आलेली माणसं परतत असतात ती वेगळीच. मग लाउटरब्रुनेनला स्टेशनवर उतरवून सगळं व्हॅनमध्ये भरायचं. समोर जवळजवळ तीनशे मीटरचा श्टाउबबाख धबधबा कोसळत असतो. ओझी उचलणाऱ्याचं तिकडे लक्ष जात असेल असं वाटत नाही.

या ओझ्यांकडे जरा नीट बघू. पुरुषांच्या डाउनहिलची, म्हणजे उतारावरून एका दमात वेगाने खाली यायच्या शर्यतीची, स्की नियमानुसार किमान 218 सेंटिमीटर लांब, म्हणजे सात फुटांच्या वर. ती एकच जोडी नसते. बर्फ कोरडा, ओला, नवा, जुना, तशा वेगवेगळ्या जोड्या, आणि प्रत्येकीवर खुणेचा आकडा. त्यांची देखभाल करतो तो सर्व्हिसमन, बहुतेकदा स्की बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. शर्यत झाली की तो स्की पुसून कोरड्या करतो आणि तळाला मेणाचा जाड थर देऊन तो तसाच ठेवतो. तो थर पोलादी कडांवरही येऊ देतो, म्हणजे वाटेत ओल लागून कडा गंजत नाहीत. दोन स्की तळाला तळ लावून, मध्ये काही घालून पट्ट्याने बांधायच्या, मग पिशवीत. एका कडेने शेजारच्या तळाला चरा पाडला तर त्या जोडीचा वेग गेलाच म्हणायचा. 2023-24 च्या मोसमापासून फ्लोरिनयुक्त मेणावर बंदी आली, तेव्हापासून ब्रश कुठला, पेटी कुणाची, याचाही हिशेब ठेवावा लागतो. पहिल्याच शर्यतीत, ऑस्ट्रियातल्या सोल्डनला, नॉर्वेची राग्नहिल्ड मोविंकेल फ्लोरिनच्या चाचणीत बाद झाली होती.

रस्ता एकच नाही. ब्रुनिग घाटातून लुझर्न, मग वालेन तलावाच्या काठाने ऱ्हाइनच्या खोऱ्यात, फेल्डकिर्शला सरहद्द. शेंगेन करारामुळे पासपोर्ट सहसा कुणी बघत नाही, पण स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसल्याने जकातीचं नाकं आहेच, आणि सामानाचे कागद जवळ असलेले बरे. पुढे आर्लबर्गचा बोगदा, 1978 चा, जवळपास 14 किलोमीटर. हवामानाची हद्दही इथेच आहे. पावसाळ्यात खंडाळ्याच्या बोगद्यात धो धो पावसात शिरावं आणि पुण्याच्या बाजूला कोरड्या रस्त्यावर यावं, तसं इथे बर्फाचं होतं. पश्चिमेकडून येणारे ढग फोरार्लबर्गच्या, म्हणजे बोगद्याच्या अलीकडच्या, बाजूला रिकामे होतात. बोगद्यानंतर लांडेक, इन्सब्रुक, किट्झब्यूल. वाहतूक सरळ असली तर सहा तासांत होतं. बर्फ पडायला लागला की काही सांगता येत नाही.

खेळाडूच्या दृष्टीने हे सहा तास विश्रांतीचे, निदान कागदावर. ज्याने परवाच अडीच मिनिटं मांड्या वाकवून साडेचार किलोमीटर काढलेत, त्याला गाडीत बसून राहणं म्हणजे शिक्षाच. कंबर आखडते. म्हणून मध्ये थांबे, आणि पोचल्यावर आधी सायकलचे पॅडल, मग जेवण.

सर्व्हिसमनचा दिवस मात्र पोचल्यावर सुरू होतो, कारण दोन्ही उतार एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. वेंगन ही विश्वचषकातली सर्वांत लांब डाउनहिल. तिच्यात सपाट पट्टे आहेत, तिथे तळ किती घसरतो यावर सगळं, आणि तिथल्या हानेगशुस या वेगाच्या टप्प्यावर फ्रान्सच्या योहान क्लारेने 2013 मध्ये ताशी 161.9 किलोमीटर गाठले होते. किट्झब्यूलची श्ट्राइफ ही वाट 3,312 मीटर, दोन मिनिटांच्या आत संपते. पण सुटल्यावर लगेच माउसफाले नावाचा कडा, 85 टक्के उतार, आणि खाली बर्फ कसला, काच! तिथे कडेने पकड घेतली नाही तर तळाच्या वेगाचं काय करायचं? तेव्हा मेण खरवडून कडा पुन्हा घासायच्या, नव्या उताराच्या हिशेबाने. हे काम घाईत होत नाही.

आणि इथेच मोठ्या आणि छोट्या संघांतला फरक दिसतो. स्विस किंवा ऑस्ट्रियन संघाचे सर्व्हिसमन वेगळे, फिजिओ वेगळा. छोट्या देशाच्या संघात मात्र प्रशिक्षकच व्हॅन चालवतो, तोच पिशव्या उतरवतो, संध्याकाळी संघप्रमुखांच्या बैठकीला तोच जातो आणि रात्री मेणाच्या खोलीत हातभारही लावतो. आपल्याकडून 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला एकटा गुलमर्गचा आरिफ खान गेला होता, तोही स्लालमसाठी, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळत उतरायच्या प्रकारासाठी. स्लालमची स्की 165 सेंटिमीटरची, नेण्या-आणण्याला तेवढी तरी सोय! डाउनहिलचं तसं नाही. शिवाय अधिकृत सरावात उतरल्याशिवाय डाउनहिलच्या शर्यतीत भाग घेता येत नाही, आणि तो सराव आठवड्याच्या मधेच असतो. म्हणजे सोमवारी व्हॅन आर्लबर्गला अडकली तर पहिला घाव मंगळवारच्या तयारीवर बसतो.

रविवारी किट्झब्यूलची स्लालम संपली की स्लालमवाल्यांना दोन-तीन दिवसांत श्लाडमिंगची रात्रीची शर्यत. पण ते ऑस्ट्रियातल्या ऑस्ट्रियात, दोनेक तासांचं काम. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही.