फासे पडले, टेबल गप्प

(दृश्य: टेबलाच्या उंचीवर कॅमेरा. सहा बाजूंचे आठ फासे घरंगळत येऊन थांबतात.)

पाच, तीन, सहा, दोन, चार, एक, चार, तीन. बेरीज २८.

हा रोलप्लेइंग गेम आहे, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा. जादूगाराने आगीचा गोळा टाकला आहे. नकाशावरचा एक चौकोन म्हणजे ५ फूट आणि गोळ्याची त्रिज्या २० फूट. म्हणजे मध्यबिंदूपासून चारही बाजूंना चार-चार चौकोन पेटले. त्यात सात गॉब्लिन, म्हणजे छोटे राक्षस, होते. आणि एक चोर होता, आपल्याच टोळीतला. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे किती इजा सोसता येईल त्याचा आकडा, ३३, त्यातले ९ आधीच गेलेले, उरले २४. बचावासाठी वीस बाजूंचा फासा टाकला तर आला चार. त्यात पात्राच्या कसबाचे सात मिळवून अकरा, आणि हवे होते पंधरा. अख्खे २८ अंगावर. चोर कोसळला.

चोराचा खेळाडू मान वर करून विचारतो, "मी तिथे उभा होतो ना?"

जादूगाराचा खेळाडू म्हणतो, "माझं पात्र असंच वागलं असतं."

आता टेबलावर कोणीच काही बोलत नाही.

(दृश्य: नकाशा, आडवी पडलेली चोराची छोटी बाहुली.)

रोलप्लेइंग गेम छापील स्वरूपात आला १९७४ साली, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधून. एक जण गेम मास्टर. तो जग उभं करतो, राक्षस चालवतो, निकाल देतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. बुद्धिबळात किंवा पत्त्यांत समोर प्रतिस्पर्धी असतो, त्यामुळे कुरघोडी कुठवर चालेल हे नियमांतच ठरलेलं असतं. इथे सगळे खेळाडू एकाच बाजूचे. गॉब्लिनशी कसं लढायचं यावर पानंच्या पानं आहेत. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी बिनसलं तर काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आपल्या टेबलावर पाच खेळाडू आहेत: जादूगार, चोर, योद्धा, पुजारी आणि पॅलाडिन, म्हणजे धर्मव्रती योद्धा. गोळा आज पडला, पण त्याची वात तीन सेशनांपूर्वी पेटली होती. चोराला एका पेटीत ६० सुवर्णनाणी सापडली. त्याने गेम मास्टरला सांगितलं, "कोणाला कळायच्या आत मी ती खिशात टाकतो." फासा टाकला, जमलं. एकाही पात्राला पत्ता लागला नाही.

पण पाचही खेळाडू त्याच टेबलाशी बसले होते. सगळ्यांनी ऐकलं.

टेबलावरच्या बहुतेक भांडणांची मेख इथे आहे. खेळाडूला माहीत आहे, पात्राला माहीत नाही. चांगला खेळाडू हा नियम पाळतो, पात्राला जे ठाऊक नाही त्यावर तो पात्राला वागू देत नाही. त्यामुळे पुजाऱ्याचा खेळाडू चिडला तरी पुजारी हसतमुखाने चोराच्या जखमा बऱ्या करत राहतो. राग माणसाला आलाय, पण खेळात तो काढायला दार नाही. मग तो खिडकीतून बाहेर पडतो: बरं करायला एक टर्न उशीर, योजनेत चोराला नेमकी धोक्याची जागा, आणि शेवटी आगीचा गोळा दोन चौकोन इकडे.

(दृश्य: जुनी पात्रपत्रकं, पेन्सिलने खोडलेले आकडे.)

चोर आणि पॅलाडिन हे दोन्ही वर्ग, म्हणजे पात्रांचे प्रकार, खेळात एकाच पुस्तिकेतून आले, १९७५च्या 'ग्रेहॉक' पुरवणीतून. एकाचं कसब लपूनछपून हात मारण्याचं, दुसऱ्याचं व्रत नीतीचं. १९७८च्या नियमांत तर पॅलाडिनने दुष्ट पात्रांबरोबर प्रवासच करायचा नाही, असं बंधन होतं. म्हणजे पात्रं निवडतानाच भांडण पत्रकावर लिहिलं जायचं. त्या काळी सापडलेल्या एका सुवर्णनाण्याला एक अनुभवगुणही मिळायचा, आणि ते गुण साठले की पात्राची लेव्हल वाढायची. त्यामुळे लूट लपवणं म्हणजे सोबत्याची पुढची लेव्हल लपवणं. या खेळाच्या आजच्या पाचव्या आवृत्तीत नाण्यांचे अनुभवगुण मिळत नाहीत, पण लूट आजही बोचते. मेलेल्या पात्राला एका मिनिटाच्या आत उठवणाऱ्या मंत्राला ३०० नाण्यांचा हिरा लागतो. सामायिक थैलीत २४० असतील, तर चोराच्या खिशातली ६० नाणी म्हणजे कोणाचा तरी जीव.

यावर साधा उपाय चालतो. लुटीचं एकच पत्रक ठेवायचं, ते गेम मास्टरने नव्हे तर एका खेळाडूने लिहायचं. पाच खेळाडू असतील तर नाण्यांचे सहा वाटे, सहावा सामायिक थैलीचा. जादूची वस्तू आधी गरजेनुसार. दोघांना हवी असेल तर दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि ज्याला मिळाली त्याने पुढच्या वस्तूवर हक्क सांगायचा नाही.

काही भांडणांत माणसांचा दोष फार थोडा असतो, दोष गणिताचा असतो. पाच जणांना पहारेकऱ्यांना चुकवून जायचंय. सोयीसाठी प्रत्येकाची यशाची शक्यता ७० टक्के धरू, म्हणजे चांगलीच. गेम मास्टर म्हणतो, "सगळ्यांनी टाका, एक जरी चुकला तरी पकडलात." पाचही जण जमवण्याची शक्यता राहते जेमतेम १७ टक्के. सहापैकी पाच वेळा कोणीतरी चुकणारच, आणि दोष येणार लोखंडी चिलखतवाल्यावर. प्रत्यक्षात त्याची शक्यता सगळ्यांत कमी, म्हणून "तुझ्यामुळे" हे त्याला दर वेळी ऐकावं लागतं. पाचव्या आवृत्तीत सामूहिक चाचणीचा नियम आहे: निम्मे किंवा जास्त जण यशस्वी झाले, तर सगळी टोळी यशस्वी. तेच पाच जण, तेच ७० टक्के, आणि शक्यता जाते ८४ टक्क्यांवर. हा नियम वाचून बाजूला ठेवणाऱ्या गेम मास्टरला टोळीत कुरबुर का आहे ते कळत नाही.

दुसरं गणित वेळेचं. पाच खेळाडूंनी टर्नला चार-चार मिनिटं घेतली आणि गेम मास्टरने सहा, तर एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक टर्न, २६ मिनिटांचा. आपली टर्न संपली की २२ मिनिटं नुसतं बसायचं. चार राउंडांची लढाई पावणेदोन तासांच्या घरात जाते. कोसळलेल्या चोराकडे पाहा. त्याच्या वाट्याला राउंडला एकच फासा येतो: दहा किंवा वर आला तर एक यश, खाली आला तर एक अपयश, एकाच प्रकारचे तीन झाले की जगला की मेला याचा निकाल. दहा सेकंदांचं काम, आणि पुन्हा बावीस मिनिटं वाट. माणूस फोन काढतो. जादूगाराला वाटतं, याला खेळात रस नाही. चोराला वाटतं, मला बाहेर काढून हे आरामात खेळतायत.

लढाईचा वेळ कापता येतो. चालू टर्नवाल्याबरोबरच पुढच्याचंही नाव पुकारावं, "पुढची तुझी." हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकदमच टाकावा. मंत्राचं वर्णन टर्न येण्याआधी वाचून ठेवावं. आणि एका मिनिटात ठरलं नाही, तर पात्र त्या टर्नला फक्त बचाव घेतं. हा शेवटचा नियम पहिल्या दोन लढायांत कडू लागतो, पण रेटावा.

आवडीनिवडींचा झगडा वेगळा. ग्लेन ब्लॅको यांनी १९८० मध्ये एका लेखात खेळण्याच्या चार तऱ्हा मांडल्या होत्या: कोणाला डावपेच हवेत, कोणाला ताकद वाढवायची असते, कोणाला पात्र जगायचं असतं, कोणाला गोष्ट. योद्ध्याचा खेळाडू लढाईची वाट पाहतोय, आणि पुजाऱ्याचा खेळाडू सराईच्या मालकाशी चाळीस मिनिटं गप्पा मारतोय. इथे कोणीच चुकत नाहीये. सेशनच्या शेवटी गेम मास्टरने प्रत्येकाला विचारावं, आज कुठला भाग आवडला, पुढच्या वेळी काय हवंय. पाच मिनिटं लागतात. आणि उत्तर लिहून ठेवावं, नाहीतर विचारण्यात अर्थ नाही.

(दृश्य: पुन्हा ते टेबल. जादूगाराच्या खेळाडूचे हात.)

आता ते वाक्य: "माझं पात्र असंच वागलं असतं."

ते खोटं असतं असं नाही. जादूगार उतावीळ आहे, पत्रकावर तसं लिहिलंय. पण तो उतावीळपणा पत्रकावर लिहिला कोणी? खेळाडूने. आणि उतावीळ माणसाला त्या क्षणी करण्यासारख्या दहा गोष्टी असतात. तो आरडाओरडा करील, "खाली वाक!" म्हणून बोंब मारील आणि मगच टाकील, चुकीच्या गॉब्लिनवर धावून जाईल. या सगळ्यांत पात्र तेच राहतं. त्या दहांतून सोबत्याला जाळणारी एक गोष्ट खेळाडूने निवडली, आणि त्या निवडीचं उत्तर त्याने द्यायचं आहे. म्हणून गेम मास्टरचा योग्य प्रश्न पात्राला नसतो. तो माणसाकडे बघून, साध्या आवाजात विचारायचा: "तुला या प्रसंगातून काय व्हायला हवंय?" बऱ्याचदा उत्तर येतं, "तीन सेशन झाले, तो लूट लपवतोय आणि कोणी काही बोलत नाही." आता खरं भांडण टेबलावर आलं.

इथे बहुतेक गेम मास्टर एक चूक करतात, आणि ती समजण्यासारखी आहे. ते खेळातूनच शिक्षा देतात. चोराला शिपाई पकडतात, त्याच्या नाण्यांना शाप लागतो. परिणाम काय? पुढचं सगळं सेशन चोराच्या सुटकेत जातं. ज्याने लपवलं त्यालाच तीन तास प्रकाशझोत मिळाला, आणि ज्यांचं नुकसान झालं ते त्याला सोडवायला तुरुंगाच्या भिंती चढतायत. खेळाडूला वाटतं, वा, माझ्या चोरीमुळे केवढी गोष्ट घडली! तो पुन्हा चोरी करतो. शिक्षा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, ती पात्राला मिळाली.

पात्रांनी एकमेकांवर हात टाकायचाच नाही, असं मात्र नाही. १९८४ साली आलेल्या 'पॅरानोया' या खेळात दगाबाजी हाच रंग आहे. तिथे प्रत्येक पात्राचे सहा क्लोन असतात. एक मेला की दुसरा हजर, म्हणून मरण हसण्यावारी जातं, आणि दगा होणार हे बसतानाच सगळ्यांना ठाऊक असतं. दीड वर्ष सांभाळलेलं एकुलतं एक पात्र सोबत्याच्या हातून गेलं, तर तिथे हसू येत नाही. अशा लांबच्या मोहिमेत एक नियम कामाला येतो: एका पात्राने दुसऱ्यावर काही करायचं ठरवलं, तर ते लागू पडलं की नाही हे ज्याच्यावर केलं तो खेळाडू सांगणार. फासा नाही. "मी तुझा खिसा कापतो." "कापलास, आणि मला उद्या सकाळी कळतं." किंवा, "नाही, मी तुझा हात पकडला." खिसा कापणं तरीही होतं, आणि दोघंही ते मिळून रंगवतात.

हे सगळं ठरवायची जागा म्हणजे सेशन झीरो. एक-दोन तास, पात्रं बनवण्याआधी. नंतर घेतलं तर लोक बनवलेलं पात्र वाचवायला वाद घालतात. टोळीत आपसांत चोरी चालेल का, हल्ला चालेल का, लूट कशी वाटायची, पात्र मेलं तर नवं कितव्या लेव्हलवर येणार, किती जण गैरहजर असले तरी खेळायचं. आणि प्रत्येकाने पत्रकावर एक ओळ लिहायची: माझं पात्र या टोळीबरोबर का राहतं? ही ओळ ज्याला सुचत नाही, त्याने दुसरं पात्र घ्यावं.

त्याच बैठकीत गेम डिझायनर रॉन एडवर्ड्स यांनी सुचवलेल्या 'लाइन्स' आणि 'व्हेल्स', म्हणजे गोष्टीत मुळीच न येणारे विषय आणि पडद्याआड उरकायचे विषय, ठरवून घ्यावेत. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्डही टेबलावर असावं. कोणी त्याला हात लावला की चालू प्रसंग वगळायचा, कारण विचारायचं नाही.

आणि तरीही भांडण झालं तर? त्याच रात्री ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहू नका. दोन दिवसांत, समोरासमोर किंवा फोनवर, एकेकट्याशी बोला. "तू स्वार्थी खेळतोस" म्हटलं की समोरचा स्वतःला वाचवत बसतो. "तीन सेशनांत तू दोनदा लूट लपवलीस, आणि दुसऱ्या वेळेनंतर पुजाऱ्याचा खेळाडू तासभर बोलला नाही" असं म्हटलं की त्याच्यापुढे घटना असते. गेम मास्टर स्वतःच भांडणात असेल तर दुसऱ्या कोणी बोलावं. दोनदा बोलूनही तेच चालू राहिलं, तर त्या खेळाडूला थांबायला सांगावं, स्पष्ट आणि तोंडावर. त्याला न सांगता नवा ग्रुप काढून खेळत राहण्याचा प्रकार सर्रास चालतो, आणि तो वाईट आहे.

(दृश्य: गेम मास्टर हात वर करतो. कोणीतरी पाण्याची बाटली उघडतं.)

आपल्या टेबलावर गेम मास्टरने दहा मिनिटं सुट्टी घेतली आहे. पुढच्या खेळाडूची टर्न अजून सुरू झालेली नाही, म्हणून मागे जाता येतं. त्यानंतर मागे गेलं असतं तर इतरांचे फासेही पुसावे लागले असते, आणि नवं भांडण उभं राहिलं असतं. परत बसल्यावर तो दोघांनाही विचारतो, चालेल ना? दोघं मान हलवतात. चोराच्या पत्रकावर खोडलेला २४ पुन्हा लिहिला जातो. गोळ्याचा मध्यबिंदू तीन चौकोन डावीकडे सरकतो. आत आता सातऐवजी पाचच गॉब्लिन.

जादूगाराचा खेळाडू आठ फासे मुठीत घेतो आणि टाकण्याआधी विचारतो, "आत आपलं कोणी आहे?"

"नाही," चोराचा खेळाडू म्हणतो. "टाक."

त्या ६० नाण्यांचा विषय सेशननंतर निघायचा आहे.