कूलरचं तोंड कुणीकडं?

मे महिना, दुपारचे दोन वाजलेत, अकोला जिल्ह्यातलं आमचं गाव. रस्त्यावर कुत्रं पण दिसणार नाही अशी उन्ह. ग्रामपंचायतीच्या बाजूची ही खोली, इथं सातबारा निघतो, पीक विम्याचे फॉर्म भरतात, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक पत्र्याचा कूलर. आता नीट बघा कूलरचं तोंड कुणीकडं आहे ते. लाईनीत बसलेल्या माणसांकडं नाही, केंद्र चालवणाऱ्या पोट्ट्याकडं पण नाही. टेबलाखालच्या सीपीयूकडं आहे!

विचारलं तर म्हणतो, "भाऊ, मी तपलो त पाणी पेतो. हे तपलं त बंदच पडते, मंग सारे मलेच बोलतात."

हसू नका. कॉम्प्युटरवाल्यांची ही चिंता पहिल्यापासूनची आहे. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनियॅक नावाचा कॉम्प्युटर जगाला दाखवला, वजन जवळपास ३० टन, आत साधारण १८,००० काचेच्या व्हॅक्युम ट्यूब, आणि वीज खायचं दीडशे किलोवॅट, म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पाच एचपीच्या चाळीस मोटारी एकदम चालू केल्या तर जेवढी लागेल तेवढी. थंड ठेवायला मोठाले पंखे, तरी ट्यूब उडायच्याच. १९४७ ला बेल लॅबमध्ये ट्यूबचंच काम करणारा ट्रान्झिस्टर आला, तो लहान आणि थंड डोक्याचा, म्हणून तर पुढं मशीन टेबलावर मावलं.

नेटवर्कची सुरुवात त्याहून गमतीची. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा, कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएमधून चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवरच्या स्टॅनफर्डच्या संस्थेतल्या कॉम्प्युटरला 'लॉगिन' टाइप करून पाठवतोय, म्हणजे असं समजा अकोल्याहून मुंबईला. एल गेला, ओ गेला, आणि तिकडचं मशीन बसलं! दोनच अक्षरं पोचली. तासाभरानं पुन्हा जमलं म्हणा. मागच्या वर्षी शेवटच्या तारखेला फॉर्म भरताना आमची साईट नुसती गोल गोल फिरत होती तेव्हा मला हेच आठवत होतं, पण लाईनीत उभ्या माणसाला १९६९ सांगून काय फायदा.

हे निरोप जातात कसे? लग्नाचं वऱ्हाड डोळ्यासमोर आणा. सगळे एका गाडीत मावत नाहीत म्हणून आठ काळ्यापिवळ्या केल्या, कोणी दर्यापूरवरून आली कोणी मूर्तिजापूरवरून, मांडवात पोचल्यावर मोजणी, पाच नंबरची नाही आली तर तीच परत बोलवायची. निरोपाचे पण असेच तुकडे करून पाठवतात, त्या एकेका गाडीला म्हणतात पॅकेट. आणि गाड्यांनी कुठल्या नियमानं चालायचं ते व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ ला लिहिलं, १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट, म्हणजे वरचं ते १९६९ चं नेटवर्क, त्याच नियमावर चाललं, टीसीपी आयपी म्हणतात ते हेच.

पण आमच्या गावाला यातलं काय माहीत होतं? काहीच नाही. तालुक्याला ट्रंक कॉल लावून दिवसभर बसायचं, एवढंच. कारण टेलिफोन एक्स्चेंज, म्हणजे फोनला फोन जोडणारं मशीन, म्हटलं की एसी पाहिजे, आणि इथं वीजच कधी येते कधी जाते, एसी कुठून आणता.

१९८४ ला टेलिफोनची मशीनं बनवायला सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली, ती उभी करणाऱ्या सॅम पित्रोदांचं नाव ऐकलं असेल, आणि तिथल्या तरुण इंजिनिअर पोरांनी हेच दुखणं हातात घेतलं. १२८ लाईनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनवलं, रॅक्स नावाचं. कमी वीज खाणाऱ्या चिप घेतल्या, जरा हळू चालल्या तरी चालेल पण तापायला नको. धूळ आत जाऊ नये म्हणून पेटी बंद, आणि आतली उष्णता आपोआप वर चढून निघून जाईल अशी मांडणी. एसी नको. १९८६ ला कर्नाटकात कित्तूरला पहिलं बसलं. मला विचाराल तर आपल्यासारख्यांसाठी एनियॅकपेक्षा ही पेटी मोठी गोष्ट आहे. पुढं पिवळ्या पाटीचे एसटीडी पीसीओ आले ते तुम्ही पाहिलेच असतील, लाल आकड्यांचं मीटर, रात्री रेट उतरला की रांग, आणि आत आजी रिसीव्हर उलटा धरून ओरडतेय, "बापू, जेवला काय?"

आता आपल्या जिल्ह्यातला माणूस. मुरंबा, तालुका मूर्तिजापूर, तिथं जन्मलेले विजय भटकर, नागपुरात इंजिनिअरिंग शिकले. अमेरिकेनं क्रे नावाचा सुपरकॉम्प्युटर, म्हणजे लई जोरात हिशोब करणारा कॉम्प्युटर, द्यायला नाही म्हटलं, मग आपलाच बनवायला १९८८ ला पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली, भटकर तिचे प्रमुख, आणि १९९१ ला आपला सुपरकॉम्प्युटर परम ८००० तयार! एक तगडं महागडं डोकं शोधत बसण्यापेक्षा ६४ लहान प्रोसेसर एकाच कामाला लावले. निंदणाला बाया लागतात ना, एकीनं एक ओळ धरली, दुसरीनं दुसरी, आणि संध्याकाळपर्यंत वावर मोकळं, तसंच.

बाकीचं पटकन. त्याच १९९१ च्या सुमाराला टिम बर्नर्स ली यांचं वेब, म्हणजे इंटरनेटवरची एकमेकांना जोडलेली पानं, लोकांपर्यंत आलं, आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच नंबर देणाऱ्या यादीच्या, पहिल्या आवृत्तीत देवनागरी पण होती, म्हणून आज मोबाईलवर मराठी टाइप केलं की समोरच्याला डबे दिसत नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, मुंबईत, दिल्लीत, आमच्याकडं यायला बरीच वर्षं लागली. आता ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार आलीय, केसासारखी बारीक, आतून उजेड धावतो. उन्हानं तिला काही होत नाही. जेसीबीनं होतं. नाली खोदताना तुटली की दोन-तीन दिवस सगळा गाव मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीखाली, तिथं रेंज येते.

साडेतीन वाजले. लाईन गेली. कूलर बंद, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू. पोट्टा पुठ्ठ्यानं सीपीयूला वारा घालतोय आणि दुसऱ्या हातानं माऊस धरलाय.

"बाबा, ओटीपी आला काय?"

"थांब ना बे, चष्मा कुठी ठेवला मी..."