बिवा, शाकुहाची आणि न्यूयॉर्कचा वाद्यवृंद

श्रोतेहो, नमस्कार.

पूर्व-पश्चिम संगीताचा मेळ म्हटलं की बहुतेक वेळा कानावर येतो तो गोडगोड मिलाफ. खाली व्हायोलिनांचा गालिचा, वर एखादी पौर्वात्य धून. जपानी संगीतकार तोरू ताकेमित्सु यांनी ही वाट ठरवून टाळली. म्हणूनच त्यांची ‘नोव्हेंबर स्टेप्स’ ही रचना मला इतकी मोलाची वाटते.

ताकेमित्सुंचा जन्म १९३० चा, तोक्योचा. संगीत बरंचसं स्वतःच शिकलेले. युद्धाच्या कटू आठवणींमुळे तरुणपणी त्यांना जपानी संगीत नकोसंच झालं होतं. ओढ होती ती देब्युसी, मेसियाँ या फ्रेंच संगीतकारांची. मग बुनराकु या जपानी बाहुलीनाट्यातलं शामिसेन हे तीन तारांचं वाद्य त्यांच्या कानी पडलं, आणि ते पार हलून गेले.

पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदानं आपल्या १२५व्या वर्षासाठी त्यांच्याकडे रचना मागितली. तीच ही ‘नोव्हेंबर स्टेप्स’; ती ९ नोव्हेंबर १९६७ रोजी सादर झाली. संचालक सेइजी ओझावा, बिवावर किन्शी त्सुरुता, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा.

बिवा हे वीणेच्या कुळातलं वाद्य. तार छेडली की ती लाकडाला निसटती घासते आणि स्वराभोवती झणकार उठतो. आपल्याकडे मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात ती याच झणकारासाठी. वादकाच्या हातात पंख्यासारखी रुंद लाकडी पट्टी असते. तिनं तार छेडायची, आणि तिचाच फटका वाद्याच्या पोटावरही द्यायचा! शाकुहाची म्हणजे बांबूची, पाच भोकांची उभी बासरी. तिच्यात स्वराइतकाच श्वासही ऐकू येतो.

असे आवाज वाद्यवृंदात विरघळवायचे कसे? ताकेमित्सुंनी ते विरघळवलेच नाहीत. दोन्ही जगं त्यांनी समोरासमोर उभी केली. उत्तरार्धात तर वाद्यवृंद चक्क थांबतो आणि कितीतरी वेळ फक्त हे दोघे वाजवतात. त्या भागात नेहमीचं स्वरलेखन नाही, चिन्हं आणि रेघा आहेत. बरंचसं वादकांवर सोपवलेलं. अमेरिकेतल्या नामांकित वाद्यवृंदाला गप्प बसवून ऐकायला लावणं, याला मी खरं धाडस म्हणतो.

आता ही रचना आपण ऐकणार आहोत, सुमारे वीस मिनिटांची. चाल शोधू नका. बिवाचा एक आघात झाला की त्याचा झणकार पूर्ण विरेपर्यंत ऐका, आणि मग पुढच्या आघाताआधी ते दोघे किती थांबतात, तिकडे कान असू द्या.