पुढं जास्त, मागं कमी: व्हॉल्व्ह घासायचं हातयंत्र

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर. एका गाळ्यातलं जुनं लाकडी टेबल. खालच्या खणातून एक लोखंडी हत्यार बाहेर येतं.)

निवेदन:

उद्यमनगरात आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांचे गाळे आहेत. तरी जुन्या इंजिन मेस्त्रीचा खण उघडला, तर असं एखादं हत्यार हमखास निघतं. दिसायला हातड्रिल. वर लाकडी मूठ, बाजूला फिरवायचं हँडल, मध्ये दातेरी चाकं. पण टोकाला बिट धरणारी चक नाही, तर चपटी पात आहे. काहींना पातीऐवजी दोन खुंट्या असतात. हँडल एकाच दिशेनं फिरवा, टोक मात्र थोडं पुढं जाऊन मागं फिरतं, पुन्हा पुढं जातं. हे बघून कित्येकांनी ‘मोडकं ड्रिल’ म्हणून ते भंगारात घातलंय. मोडकं काही नाही. व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनात हवा आत घेणारी किंवा धूर बाहेर सोडणारी झडप. हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, ज्या गोल कडेवर ती टेकते ती सीट. झडप घट्ट मिटावी म्हणून मध्ये खरखरीत पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासतात, आणि त्यासाठी टोक असंच फिरावं लागतं.

(दृश्य: झाकण काढलेलं हातयंत्र. दाते जवळून.)

कारखान्यागणिक आतली रचना वेगळी. सर्रास सापडणारी अशी: हँडलच्या चाकाला पूर्ण गोलाईभर दाते नसतात, काही भाग मुद्दाम कोरा ठेवलेला असतो. टोकाच्या दांड्यावर दोन छोटी चाकं समोरासमोर बसवलेली. मोठ्या चाकाचे दाते आधी एका छोट्या चाकाला धरतात, दांडा उजवीकडे फिरतो. तो टप्पा संपला की दाते दुसऱ्याला धरतात, दांडा डावीकडे. खरी अक्कल पुढं आहे. उजवीकडचा फेरा डावीकडच्यापेक्षा थोडा मोठा ठेवलेला असतो. त्यामुळं दर खेपेला व्हॉल्व्ह जरासा पुढं सरकतो आणि हळूहळू पूर्ण सीटवरून फिरून येतो.

एवढी उठाठेव का? व्हॉल्व्ह एकाच दिशेनं गरागरा फिरवला, तर पेस्टमधला प्रत्येक खडा एकाच वर्तुळात घासत राहतो आणि सीटवर गोल चरे पडतात. पुढं-मागं फिरवलं की खडे जागा बदलतात, चरा पडायच्या आत मोडतो. व्हॉल्व्हला रबरी टोपीनं चिकटवलेली काठी दोन तळव्यांत घुसळूनही हेच साधतं. पण दुपारपर्यंत हात भरून येतात आणि चौथा व्हॉल्व्ह पहिल्यासारखा घासला जात नाही.

(दृश्य: उभं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मोठं फ्लायव्हील.)

पंचगंगेकाठचे पंप, गुऱ्हाळातला चरक, पिठाची गिरणी यांवर जी सावकाश चालणारी इंजिनं असत, त्यांना हे काम ठरलेलं. लिस्टर या इंग्रजी कंपनीच्या धाटणीचं इंजिन मिनिटाला 650 फेऱ्यांवर चालतं. हँडल मारताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात दाबलेल्या हवेचा जोर, हाताला लागेना, की आधी कान लावायचा. फ्लायव्हील हळूहळू फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनवर आणायचा. सायलेन्सरमध्ये फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. एअर क्लीनरमध्ये आली तर इनलेट. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा सोडणाऱ्या नळीतून, आली तर दोष पिस्टनवरच्या रिंगांचा, आणि मग हेड उघडून उपयोग नाही. हा साधा भेद न करता हेड उतरवणारे आजही आहेत.

(दृश्य: हेड टेबलावर. स्प्रिंग दाबून लॉक काढले जातात.)

व्हॉल्व्ह काढताना कोणता कुठला, याची खूण करून ठेवायची. जो ज्या सीटवर घासला, तो तिथंच परत जातो. कार्बन खरवडून काढायचा. मग व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, घालून आडवी हलवून बघायची. गाइड झिजलेली असेल तर घासणं थांबवा. व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी बसणार आणि घासून घेतलेली सीट आठवड्याभरात पुन्हा गळणार. आधी गाइड, मग सीट.

सीटला खोल खड्डे असतील तर पेस्टवर भिस्त ठेवायची नाही. हातानं फिरवायचा कटर आणायचा. त्याचा मधला दांडा गाइडमध्ये घट्ट बसला पाहिजे. सैल असेल तर कटर थरथरतो आणि सीटवर लाटा उठतात. सीटवरचा कडक चकचकीत थर कटरला धरू देत नाही, तो नुसता घसरतो. अशा वेळी कटरखाली एमरी कागदाचा तुकडा धरून दोन-चार फेऱ्या मारायच्या. 45 अंशांची सीट कापून झाली की रुंद झालेली पट्टी 30 अंशांच्या कटरनं वरून आणि 60 अंशांच्या कटरनं आतून कमी करायची. साधारण दीड मिलिमीटर राहू द्यायची. बारीक ठेवली तर उष्णता हेडमध्ये उतरत नाही, व्हॉल्व्ह जळतो. रुंद ठेवली तर कार्बनचे कण अडकतात.

(दृश्य: पेस्टची डबी, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक.)

आता हातयंत्र. व्हॉल्व्हच्या डोक्याखाली एक हलकी स्प्रिंग घालायची, म्हणजे दाब सोडला की तो आपोआप उचलला जातो. पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी, तीन ठिकाणी. जास्त लावली तर ती दांडीवर ओघळते आणि गाइड खाते. दांडीला आधी तेलाचा हात द्यायचा. पात व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या खाचेत बसवून, मूठ सरळ धरून, हलक्या दाबानं हँडल फिरवायचं. सुरुवातीला खरखर ऐकू येते. ती मंदावली की खडे बोथट झाले. व्हॉल्व्ह उचला, पेस्ट पसरू द्या, पुन्हा सुरू करा. जोर लावून काही मिळत नाही. जाड पेस्टनं खड्डे गेले की ती रॉकेलनं पूर्ण धुवून मगच बारीक पेस्ट. जाड पेस्टचा एक कण मागं राहिला तरी बारीक पेस्टची मेहनत वाया.

(दृश्य: व्हॉल्व्हच्या कडेवरची राखाडी पट्टी, अगदी जवळून.)

बघा, सलग राखाडी पट्टी, कुठंही तुटलेली नाही. तरी डोळ्यावर विसंबायचं नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर, म्हणजे सीटवर टेकणाऱ्या कडेवर, पेन्सिलनं आडव्या आठ-दहा रेघा मारा, व्हॉल्व्ह सीटवर ठेवून दाबा, पाव फेरा फिरवा. सगळ्या रेघा मधोमध पुसल्या गेल्या पाहिजेत. एका बाजूच्या राहिल्या तर सीट तिकडं खाली गेलेली आहे. स्प्रिंगा चढवल्यावर पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या हवेच्या वाटेत, रॉकेल ओता आणि पाच मिनिटं थांबा. कडेला ओल दिसली तर खोला परत.

व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये खाली बसतो, दांडी रॉकरकडे, म्हणजे तिला दाबणाऱ्या तरफेकडे, वर येते आणि दोघांमधली टॅपेटची फट कमी होते. म्हणून ती इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणं पुन्हा लावायची. ही विसरली, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. डिझेलमध्ये आणखी एक: व्हॉल्व्ह हेडच्या पातळीखाली फार गेला, तर कॉम्प्रेशनची जागा वाढते आणि थंडीत इंजिन धरत नाही. तिथं नवी सीट बसवावी लागते.

नव्या इंजिनांत बऱ्याचदा व्हॉल्व्ह आणि सीट यांचे अंश मुद्दाम एकाचा फरक ठेवून कापलेले असतात. काही व्हॉल्व्हवर तोंडालाच मुलामा असतो. तिथं हे हत्यार चालवू नका.

(दृश्य: लाकडी खांबावर ठोकलेलं, वर फ्लायव्हील असलेलं हाताचं ड्रिल.)

याच घराण्यातला थोरला भाऊ, खांबावरचं ड्रिल. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक खुंटी वरच्या दातेरी चाकाला ढकलते आणि बिट आपोआप खाली उतरतं. हेडमध्ये तुटलेला स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) काढायला हे उत्तम, कारण गती कमी आणि दाब सारखा. भोक आरपार जायच्या बेताला मात्र ती खुंटी उचलून घ्यायची, नाहीतर बिट गचका खाऊन मोडतं.

(दृश्य: हातयंत्र रॉकेलच्या भांड्यात.)

जुनं व्हॉल्व्ह हातयंत्र मिळालं, की बहुधा आतलं ग्रीस घट्ट होऊन बसलेलं असतं. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा. हातोडा लावू नका, बॉडी बिडाची असते, तडकते. दाते झिजण्याचं मुख्य कारण म्हणजे दांड्यावरून वर चढलेली पेस्ट. काम संपल्यावर टोक खाली धरूनच पुसा.

विकत घेताना हँडल दहा फेरे फिरवा. टोकावर खडूची खूण करा आणि ती पुढं सरकते का बघा. एखादा दात गेला असेल, तर दर फेऱ्याला त्याच जागी झटका बसतो. पात हरवलेली असली तरी चालेल. खाचेच्या मापानं नवी घासून घेता येते.