पंधरा फुटांवरची फाइल

नमस्कार, श्रोतेहो. दोन घरांमध्ये एकच कुंपण आहे, दोन्ही घरांत आपापले स्वतंत्र इंटरनेट आहे, आणि या घरातील एक मोठी फाइल त्या घरात लवकर पोहोचवायची आहे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय.

घरे शेजारी असली तरी वेगवेगळ्या जोडण्यांवरचे संगणक एकमेकांचे शेजारी नसतात. आपली फाइल आपल्या तारेने गावाबाहेर जाते, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चढते आणि शेजाऱ्याच्या तारेने पुन्हा आपल्याच गल्लीत उतरते. या फेरीत वेळ खाते ते अंतर नव्हे, तर चढण, म्हणजे अपलोड. जाहिरातीत 100 एमबीपीएस असे लिहिलेले असते, तेथे बी म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. आणि तोही वेग उतरतानाचा, कारण चढतानाचा वेग कित्येक योजनांत त्याहून बराच कमी असतो. पुन्हा सांगतो, एमबीपीएसच्या आकड्याला आठने भागावे आणि अपलोडचा आकडा वेगळा विचारून घ्यावा.

हा हिशोब मला सरांच्या मुलीच्या लग्नामुळे कळला. सांगलीत आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना सर म्हणते. लग्नाचे चित्रीकरण 60 जीबी भरले होते. सर मला म्हणाले, “अरे, रेडिओवर रोज कापाकापी करतोस ना, मग एवढं कापून तासाभराचं करून दे.” (माझे स्पष्ट मत आहे की अक्षतांचा भाग सोडला तर लग्नाची चित्रफीत कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही, आणि हळद संथ गतीने दाखवण्याची जी साथ आली आहे, ती तर कायद्याने थांबवली पाहिजे. पण हे सरांना कोण सांगणार?)

सरांनी प्रथम पेनड्राइव्ह काढला. तो पूर्ण रिकामा होता आणि क्षमता होती 32 जीबी, तरीही 18 जीबीची पहिली फाइल तो घेईना. कारण तो फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीहून मोठी चालत नाही. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर हे दुखणे जाते. पण पुढे रोज दुरुस्त्यांची ये-जा होणार होती आणि प्रत्येक वेळी जिना चढणे सरांच्या गुडघ्यांना मानवणारे नव्हते. म्हणून सरांनी रात्री नेटवरून पाठवायला घेतले. त्यांचा अपलोड 20 एमबीपीएस, म्हणजे सारे सुरळीत चालले तरी पावणेसात तास. पहाटे वीज गेली, आणि सकाळी ती फाइल पुन्हा पहिल्यापासून चढू लागली.

तेव्हा मी ठरवले की गॅलरीतून गॅलरीत वायर टाकायची. काकूंच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला बांधून कॅट-सिक्स प्रकारची लॅन वायर, म्हणजे यंत्रे एकमेकांना जोडणारी वायर, पलीकडे ओढली. तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, असे मंत्रासारखे पुटपुटत मी त्या पिनमध्ये बसवल्या आणि मोठ्या उत्साहाने वायरचे एक टोक माझ्या राउटरला, दुसरे सरांच्या राउटरला लावले.

दहा मिनिटांत दोन्ही घरांचे इंटरनेट बसले. दोन्ही डब्यांचा, म्हणजे राउटरांचा, पत्ता एकच, 192.168.1.1, आणि घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम दोघेही करत होते. माझा मोबाइल सरांच्या डब्याकडून पत्ता घेई आणि सरांचा टीव्ही माझ्या. पलीकडे सरांची नात परीक्षेचा अर्ज भरत होती, तिचा आवाज मला वायरीशिवायच ऐकू आला.

श्रोतेहो, म्हणून हे लक्षात ठेवावे: डब्याला डबा जोडू नये, संगणकाला संगणक जोडावा. दोन्ही संगणकांनी इंटरनेट वायफायवरून आपापल्या डब्याकडून घ्यावे आणि रिकाम्या लॅन पोर्टमध्ये शेजाऱ्याकडची वायर घालावी. त्या वायरीपुरते पत्ते संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने द्यावेत, एका संगणकाला 10.0.0.1 आणि दुसऱ्याला 10.0.0.2. सबनेट मास्क दोन्हीकडे 255.255.255.0 आणि गेटवेची जागा कोरी. मग एकच फोल्डर, पासवर्ड लावून, सामायिक करावा. आम्ही एवढे केले आणि 60 जीबी अकरा मिनिटांत माझ्याकडे आले. वायर त्याहूनही वेगाने आणू शकली असती, पण सरांच्या संगणकाची जुनी हार्ड डिस्क दमली. सर घड्याळ हातात धरून बसले होते आणि सुटलेल्या पेपराची वेळ नोंदवावी तशी त्यांनी ती वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवली.

आता वायरीची एक खोड. मे महिन्यात वळीव आला, जवळच कुठेतरी वीज पडली आणि माझ्या संगणकाचे लॅन पोर्ट मेले. वीज आमच्या घरावर पडली नव्हती. परंतु दोन घरांचे अर्थिंग वेगळे असते, आणि उघड्यावरून गेलेली तांब्याची वायर अशा वेळी तो झटका थेट यंत्रापर्यंत आणते. ढग दिसताच दोन्ही टोके काढून ठेवावीत, किंवा सरळ फायबर टाकावी. फायबर काचेची असल्याने तिच्यातून वीज वाहत नाही. मात्र घराघरांत येणाऱ्या फायबरला आधारासाठी बहुधा पोलादी तार जोडलेली असते. विकत घेताना धातू नसलेली फायबर मागून घ्यावी. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची, फायबर लॅन पोर्टला जोडून देणारी छोटी पेटी लागते.

फोनवरचे दहा-वीस फोटो असतील तर यातले काहीही करू नये. कुंपणापाशी उभे राहून अँड्रॉइड फोनमधल्या क्विक शेअरने द्यावेत.

आमच्याकडे आता फायबर आहे. ती जुनी, आठ तारांची वायर काकूंनी टाकून दिली नाही. तिच्यावर सध्या दोडक्याचा वेल चढतो आहे. नमस्कार.