नावाची धून

(दृश्य: टे नदीचा काठ. जुना ओक. मागे एकच फिडल, संथ.)

स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या या झाडाला लोक नील गाउचा ओक म्हणतात. याच्या सावलीत बसून तो फिडल वाजवायचा, असं सांगतात. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. लोकधुना वाजवताना तिकडे त्याला फिडल म्हणतात.

नीलचा जन्म 1727 चा. विणकराचा मुलगा. पण ॲथॉलच्या ड्यूककडे नाच असला की वाजवायला बोलावणं यायचं ते नीललाच. त्या काळी अशा बड्या घरच्या माणसांच्या नावाने धुना बांधायची रीत होती: अमक्या बाईंचा स्ट्रॅथस्पे, तमक्या साहेबांचा रील. हे दोन्ही तिकडच्या नाचाच्या धुनांचे प्रकार. गॉर्डनच्या ड्यूककडे कारभारी असलेल्या विल्यम मार्शलने अशा कितीतरी बांधल्या. त्यांतल्या काही नुसत्या मानाखातर असतील. चालायचंच, पोट होतं.

1805 साली नीलची दुसरी बायको मार्गारेट गेली. तीस वर्षांहून जास्त संसार झाला होता. तो 78 वर्षांचा. त्याने तिच्यासाठी एक धून बांधली. नावही सरळ, ‘नील गाउचा दुसऱ्या बायकोच्या मृत्यूवरचा विलाप’. त्याहून एक शब्द जास्त नाही. धुनेला तर शब्दच नाहीत.

(धून सुरू. निवेदन थांबतं. पहिला भाग पूर्ण ऐकू द्यावा.)

स्वर ऐकलेत? आपल्या बिलावल थाटाचे, सगळे शुद्ध. रडका सूर कुठेच नाही. पहिला भाग घरातल्या घरात फिरावा तसा खाली फिरतो, दुसरा वर चढतो आणि पुन्हा खाली येतो. शोक इतक्या उजळ स्वरांत मावतो, हे मला दर वेळी नव्याने कळतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं.)

पुढे जेम्स स्कॉट स्किनर हा फिडलवादक आला. त्याचा मित्र हेक्टर मॅकडोनल्ड, शेतकऱ्याचा मुलगा, साध्या शिपायाचा मेजर जनरल झालेला. 1903 मध्ये बदनामीच्या आरोपांनी घेरलेल्या हेक्टरने पॅरिसमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी स्किनरची धून आली, ‘हेक्टर द हीरो’. लोक कुजबुजत असताना मित्राने त्याला वीर म्हटलं.

आज अशी धून शेजाऱ्याच्या लग्नाला मिळते, नव्या बाळाला मिळते, निवृत्त होणाऱ्या बाईंनाही मिळते.

(दृश्य: स्कॉटलंडच्या उत्तरेची शेटलंड बेटं. रात्र. दूरवर तुरळक दिवे.)

1969 चा जानेवारी संपत आलेला. फिडलवादक टॉम अँडरसन रात्री अकरानंतर एशानेसहून निघाला होता. टेकडीवरून त्याने मागे वळून पाहिलं. त्याच्या लहानपणी इथे किती दिवे दिसायचे, आता थोडेच उरले होते. पाहता पाहता तेही एकेक करून गेले. त्याची बायको नुकतीच वारली होती. त्याला शेटलंडच्या बोलीतला एक जुना शब्द आठवला, ‘स्लॉकिट’.

आपल्याकडे जुनी माणसं ‘दिवा विझला’ म्हणू द्यायची नाहीत. ‘मालवला’ म्हण, असं सांगायची. स्लॉकिट म्हणजे तोच, मालवलेला.

‘दा स्लॉकिट लाइट’. बायकोसाठी, आणि त्या सगळ्या खिडक्यांसाठी.

(धून. पडद्यावर फक्त अंधार आणि एक खिडकी.)