मदरबोर्ड घेण्याआधी जुनी पेटी उघडा

नमस्कार श्रोतेहो.

सेवा केंद्रातला, शाळेतला किंवा घरचा आठ-दहा वर्षं चाललेला डेस्कटॉप एक दिवस सुरूच होत नाही. मेकॅनिक पाहतो आणि म्हणतो, "बोर्ड गेला." दुसरीकडे यंत्र धडधाकट असतं, पण विंडोज ११ टाकू देत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा वेळी कमी पैशांत कोणता मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटी, घ्यावा, ते आज पाहू. कागद-पेन जवळ ठेवा, काही आकडे लिहून घ्यावे लागतील.

बोर्ड खरोखर गेला आहे का, हे आधी पाहा. मृगाच्या आधीच्या वादळात आपल्याकडे विजा पडतात. तो झटका पुष्कळदा ब्रॉडबँडच्या तारेतून येतो आणि फक्त लॅन पोर्ट जाळतो. बाकी बोर्ड चालू असेल तर काही शे रुपयांचा यूएसबी लॅन अडॅप्टर लावून काम भागतं, बोर्ड बदलायची गरज नाही. तारीख रोज मागे जाते आणि सगळ्या सरकारी वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात, तर तो दोष बोर्डावरच्या नाण्यासारख्या सेलचा असतो. सीआर २०३२ मागा, ३ व्होल्टचा येतो. पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते, तर वीज बंद करून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा, खट् आवाज येईपर्यंत परत दाबा. काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा पेटीतला डबा, तपासून घ्या: तो बोर्डापासून सोडवून २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की त्याचा पंखा फिरायला हवा. नाही फिरला, तर बोर्डाला दोष देऊ नका. फिरला म्हणजे तो निर्दोष आहे असंही नाही, लोडवर व्होल्टेज पडू शकतं, म्हणून दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहणं उत्तम. आणि बोर्डावरचे गोल कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, गळालेले दिसले, तर मात्र त्या बोर्डावर आणखी खर्च करू नका.

आता निवडीकडे. बोर्डाची किंमत विचारण्याआधी जुन्या पेटीतलं काय काय पुढे चालेल, ते मोजा. दोन हजारांत मिळालेला बोर्ड वर्षभरात रॅम, प्रोसेसर सगळंच पुन्हा घ्यायला लावत असेल, तर तो सहा हजारांच्या बोर्डापेक्षा महाग पडतो.

यंत्र सुरू होत असेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत एम, एस, आय, एन, एफ, ओ, मग ३२, असं सलग टाईप करून एंटर करा. तीन ओळी लिहून घ्या: प्रोसेसर, बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणजे बोर्डाचं मॉडेल, आणि बायोस मोड. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम. या तिसऱ्या ओळीचं काम पुढे पडणार आहे.

इंटेलच्या नावात आय ३ किंवा आय ५ नंतर जो आकडा येतो, त्याची सुरुवात म्हणजे पिढी. ३४७० म्हणजे तिसरी, ८१०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर आहेत. शिवाय बोर्डावर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट, या दोन सुरक्षा सोयी लागतात.

इथेच सर्वात जास्त फसगत होते. चिपसेट म्हणजे कोणते प्रोसेसर चालतील हे ठरवणारी बोर्डावरची मुख्य चिप. दुकानात एच ६१ किंवा एच ८१ चिपसेटचे बोर्ड नव्या डब्यात, सीलबंद मिळतात. "घ्या ना भाऊ, नवीनच पीस आहे." डबा नवीन असतो, पण एच ६१ ही २०११ सालची चिप आहे. ती दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठी, एच ८१ चौथ्या पिढीसाठी, आणि दोन्हींवर रॅम जुन्या डीडीआर ३ प्रकारची. घरी तिसऱ्या पिढीचा चालू प्रोसेसर आहे, ८ जीबी रॅम आहे, आणि यंत्रावर फक्त टायपिंग किंवा दुकानाचा हिशेब करायचा, तर दोन-अडीच हजारांचा असा बोर्ड घ्यायला हरकत नाही. लिनक्स टाकलं तर तो आणखी बरीच वर्षं काढेल. पण ज्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे व्यवहार होतात, त्यात असा बोर्ड घालू नये. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या विंडोजवर ते काम करणं धोक्याचं आहे.

मधल्या काळातल्या यंत्रांत आणखी एक खाच आहे. सहावी ते नववी पिढी, सगळ्यांच्या सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव एकच, एलजीए ११५१. प्रोसेसर बसतोही सगळीकडे. पण एच ११० बोर्डावर फक्त सहावी-सातवी चालते आणि आठवी-नववीला एच ३१० सारखा ३०० मालिकेतला बोर्ड लागतो. जुना एच ११० बोर्ड ठेवून त्यावर सेकंडहँड ८१०० टाकू म्हणाल तर स्क्रीन काळीच राहील. दहाव्या-अकराव्या पिढीचं सॉकेट एलजीए १२००. त्यातही एच ४१० वर अकरावी पिढी सहसा चालत नाही, एच ५१० वर दोन्ही चालतात.

नवीनच घ्यायचं असेल तर आमचा कल सरळ एच ६१० कडे आहे. सॉकेट एलजीए १७००, बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी चालते. बोर्ड साधारण साडेपाच ते सात हजारांत येतो, भाव महिन्यागणिक हलतात. यावर आय ३ १२१०० लावला की चार कोअर, आठ थ्रेड. सेवा केंद्र, शाळा, कॉलेज, फोटोंची बारीकसारीक कामं, सगळ्याला पुरतो. बी ७६० बोर्डावर बहुधा रॅमच्या चार खाचा आणि जास्त पोर्ट मिळतात, पण आपल्या कामाला दोन खाचा पुरतात. त्या फरकाचे पैसे चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला.

एच ६१० मागताना एक वाक्य आठवणीने बोला: "डीडीआर ४ चा द्या" किंवा "डीडीआर ५ चा द्या." एकाच चिपसेटचे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचेची जागाच वेगळी. जुन्या यंत्रात डीडीआर ४ च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर डीडीआर ४ चाच बोर्ड घ्या, म्हणजे रॅमचा पूर्ण खर्च वाचतो. जुनी रॅम डीडीआर ३ असेल तर ती या दोन्ही बोर्डांना चालणार नाही. मग दोन्ही प्रकारांचे त्या दिवशीचे भाव विचारा आणि बोर्ड अधिक रॅम अशी बेरीज करून ठरवा.

प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं. तो थोडा स्वस्त पडतो, म्हणून लोक घेतात, आणि मग मॉनिटर बोर्डाला जोडून बसतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर एफ घेऊ नका. एएमडीमध्ये उलटं आहे: एएम ४ सॉकेटच्या रायझन ५००० मध्ये ज्याच्या शेवटी जी, जीई किंवा जीटी, त्यातच ग्राफिक्स. ५६००जी आणि ए ५२० बोर्ड ही जोडीही चांगली, रॅम डीडीआर ४. जुना बी ४५० बोर्ड असेल तर फक्त बायोस अपडेट करून त्यावर ५६००जी चढू शकतो, बोर्ड घ्यायचीच गरज नाही. मात्र अपडेट जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करा, आणि यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. कोणता प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो, त्याची यादी बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवर असते. बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल आणि रेव्हिजन क्रमांक टाकून ती पाहावी. चौदाव्या पिढीचा प्रोसेसर आणि दुकानात वर्षभर पडून असलेला एच ६१० बोर्ड एकत्र घेत असाल, तर बायोस दुकानातच अपडेट करून मागा.

बोर्डाची मागची बाजूही पाहा. जुना मॉनिटर व्हीजीएचा असेल, म्हणजे पंधरा छिद्रांचा निळा कनेक्टर, तर व्हीजीए पोर्ट असलेलाच बोर्ड घ्या. एच ६१० मध्ये असे बरेच आहेत. सेवा केंद्रात प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, स्कॅनर, वेबकॅम, माऊस, कीबोर्ड म्हटलं की सहा यूएसबी गेले. चार पोर्टवाला बोर्ड घेऊन नंतर हब लटकवला की अंगठ्याचं मशीन ऐन गर्दीत तुटक चालतं.

नागपुरातून नामांकित कंपनीचं जुनं ऑफिस मशीन आणलेलं असेल तर जपून. अशा पुष्कळ मशीनच्या बोर्डाचा आकार आणि वीज कनेक्टर त्या कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला बोर्ड त्या पेटीत बसत नाही आणि त्यांचा एसएमपीएस बाजारातल्या बोर्डाला लागत नाही.

एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलंय, एवढ्यावर जाऊ नका. स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना पाहा. तिथे १४ अँपिअर असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॉट हेच कामाचे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आय ३ ला तेवढे पुरतात, पण एसएमपीएस आठ वर्षं जुना आणि जिनिंगच्या रुईने भरलेला असेल तर नव्या बोर्डाला तो जोडू नका. अर्थिंगही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि पेटीला हात लावला की मुंग्या येतात. खड्ड्यात पाणी घालत जा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरने दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी ते दुरुस्त करा.

आपल्या मे महिन्याचंही बोलू. बाहेर ४५ अंश असताना पेटीच्या आत त्याहून जास्त होतं. आय ५ किंवा वरचा प्रोसेसर लावणार असाल तर सॉकेटशेजारच्या वीज-भागावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक असलेला बोर्ड घ्या, आय ३ ला नसला तरी चालतं. डेझर्ट कूलरचा झोत थेट पेटीवर सोडू नका, ओली हवा आणि धूळ मिळून बोर्डावर लेप बसतो. मागची पत्र्याची पट्टी आणि रिकाम्या खाचांची झाकणं लावलीच पाहिजेत, कारण तिथून पाल शिरते आणि बोर्ड शॉर्ट होतो.

बोर्ड घेताना डबा दुकानातच उघडा. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण उचलून मोबाईलच्या टॉर्चने पिना पाहा, फोटो काढा. एलजीए सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात, एक जरी वाकली तरी वॉरंटी नाकारली जाते. ते झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीसाठी बोर्ड कुठे न्यावा लागेल तेही विचारा. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या खेड्यातून नागपूरची एक चकरही खर्चात धरायला हवी. जुना पंखा वाचवायचा विचार असेल तर तो सोडा. एलजीए १७०० ची छिद्रं ७८ मिलिमीटरवर, आधीच्या सॉकेटांची ७५ वर, त्यामुळे तो बसत नाही. म्हणून सुट्या ट्रे प्रोसेसरपेक्षा डब्यातला, पंख्यासहचा घ्या.

जोडणी पेटीबाहेर सुरू करा. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यावर ठेवा, प्रोसेसर बसवा, हरभऱ्याच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट, पंखा, एक रॅम. नव्या पंख्याला पेस्ट आधीच लावलेली असेल तर वेगळी नको. २४ पिनी आणि सॉकेटजवळचा ४ किंवा ८ पिनी, दोन्ही वीज कनेक्टर लावा. हा दुसरा विसरला की पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. बायोसचा पडदा दिसला की मगच पेटीत बसवा. पेटीतले पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट, बोर्डाच्या छिद्रांखालीच हवेत. एखादा जास्तीचा मध्ये राहिला तर तो मागून बोर्डाला टेकतो आणि शॉर्ट होतो.

आता ती तिसरी ओळ, बायोस मोड. जुन्या यंत्रात तिथे 'लेगसी', म्हणजे यंत्र सुरू करायची जुनी पद्धत, लिहिलेलं असेल तर जुनी डिस्क एच ६१० वर सहसा बूट होणार नाही, कारण या बोर्डांवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससोबत लेगसी बूट बहुधा चालत नाही. डिस्क बिघडलेली नाही, तिच्यातल्या फायली शाबूत असतात. दुकानदाराने घाईने फॉरमॅट मारण्याआधी फायलींची कॉपी घ्या, मग यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या, मोडमध्ये नवीन विंडोज टाका. जुनं विंडोज यंत्रासोबत आलेलं असेल तर त्याचं लायसन्स जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, तो खर्च वेगळा धरा.

शेवटचं काम बायोसमध्ये. 'एसी पॉवर लॉस' नावाची सेटिंग शोधा, ती 'पॉवर ऑफ'वर ठेवा आणि एफ १० दाबून सेव्ह करा. लाईट पाच मिनिटांत चारदा ये-जा करते, तेव्हा यंत्र दर वेळी आपोआप सुरू होणार नाही. लाईट नीट टिकली की बटण तुम्हीच दाबा.